माझ्या गोष्टीत मंगळाचा चंद्र कुठून उगवतो?

कागदीबोट

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. एक विज्ञानकथा लिहायला घेतली आहे. मंगळावर माणसांचा छोटा तळ आहे, ७५ अंश उत्तर अक्षांशावर. पाणी बर्फाच्या रूपात हाताशी हवं म्हणून ध्रुवाजवळची जागा निवडली. तिथे रात्रपाळीचा एक पहारेकरी आहे. मंगळाच्या दोन चंद्रांची नावं फोबोस आणि डिमोस, म्हणजे भय आणि धास्ती, हे त्याला कुठूनतरी कळतं आणि ते डोक्यातून जात नाही. गोष्ट एवढ्यावरच उभी आहे. सुरुवात अशी केली आहे:

"पूर्वेच्या कड्यामागून फोबोस हळूहळू वर आला. त्याच्या वाटोळ्या रुपेरी चकतीने बर्फावर चांदणं सांडलं. रात्रभर तो असाच रेंगाळणार होता."

पुढे पहारेकऱ्याला फोबोसवरच पाठवायचा विचार आहे. तिथे माणूस उडी मारून निसटू शकतो का? फोबोस आतून पोकळ आहे असंही कुठेतरी वाचलं होतं, ते वापरता येईल का? जाणकारांनी सुचवावं. भाषेबद्दलही बोललात तरी चालेल, कातडी जाड आहे.

दुर्बीणवाला

तीन वाक्यांत चार चुका. अभिनंदन!

फोबोस पूर्वेला नाही, पश्चिमेला उगवतो. हळूहळू नाही, भराभर वर येतो. वाटोळा तर अजिबात नाही, २७ बाय २२ बाय १८ किलोमीटरचा वेडावाकडा बटाटा आहे. आणि रात्रभर रेंगाळायचा प्रश्नच नाही, विषुववृत्तावरून पाहिलंत तरी सव्वाचार तासांत आकाश ओलांडून पूर्वेला मावळतो.

रुपेरी या शब्दावर भांडणार नाही. पृष्ठभाग कोळशासारखा काळा आहे, पडलेल्या उजेडातला जेमतेम सात टक्के परत फेकतो. पण आपला चंद्रही काही संगमरवरी नाही, काळ्या आकाशात काहीही उजळच दिसतं. चांदणं मात्र सांडू नका. फोबोसचा उजेड आपल्या पौर्णिमेपुढे फारच फिका आहे. शिवाय गेली शंभर वर्षं मराठी कथांमध्ये ते रोज सांडतंय, आता पुसायला कोणी उरलं नाही.

कागदीबोट

पश्चिमेला?? मंगळ उलटा फिरतो का?

खडूफळा

नाही हो, मंगळ आपल्यासारखाच पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरतो आणि फोबोसही त्याच दिशेने त्याच्याभोवती फिरतो. शर्यत कोण जिंकतं एवढाच प्रश्न आहे.

आपला चंद्र पृथ्वीभोवती जायला सत्तावीस दिवस घेतो आणि पृथ्वी स्वतःभोवती एका दिवसात फिरते. म्हणजे आपण पुढे पळतो, चंद्र मागे पडतो, म्हणून तो पश्चिमेला मावळताना दिसतो. मंगळाला स्वतःभोवती फिरायला २४ तास ३७ मिनिटं लागतात आणि फोबोसची फेरी ७ तास ३९ मिनिटांत पुरी होते. जमीन पूर्वेकडे सरकतेय, पण फोबोस तिच्या तिप्पट वेगाने त्याच दिशेने पुढे निघून जातो. मागून येऊन ओव्हरटेक करणारी गाडी समजा. साधारण दर ११ तासांनी तो पुन्हा उगवतो, म्हणजे मंगळाच्या एका दिवसात दोनदा.

डिमोसची गंमत वेगळीच आहे. त्याची फेरी ३० तासांच्या थोडी वर, म्हणजे मंगळाच्या दिवसापेक्षा जेमतेम जास्त. त्यामुळे तो उगवतो पूर्वेलाच, पण जमीन त्याला इतक्या सावकाश मागे टाकते की उगवल्यापासून मावळेपर्यंत सुमारे अडीच दिवस जातात. तेवढ्यात त्याच्या कला जवळजवळ दोनदा पूर्ण होतात. एकदा उगवून मावळेपर्यंत दोन पौर्णिमा! डोळ्यांना तो चकतीसारखा दिसत नाही, एक ठळक चांदणीच दिसेल, त्यामुळे कलांऐवजी तिचा उजेड वाढतो-ओसरतो असं लिहा.

'रेंगाळणं' हे क्रियापद आवडलं असेल तर ते डिमोसला द्या.

शिळी_कढी

या फोबोसने त्याच्या शोधकर्त्यालाही असंच गोंधळात टाकलं होतं. आता विषय निघालाच आहे तर ऊत आणतोच.

१८७७ च्या ऑगस्टमध्ये मंगळ पृथ्वीच्या खूप जवळ आला होता, साडेपाच कोटी किलोमीटरच्या आसपास. वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेत आसाफ हॉल २६ इंची दुर्बीण घेऊन बसले होते. भिंगांच्या दुर्बिणींत ती तेव्हा जगातली सगळ्यात मोठी. त्याआधी द'अरेस्टसारख्या कसलेल्या निरीक्षकाने मंगळाचे चंद्र शोधून हात टेकले होते. चंद्र बारके आहेत, पण खरी पंचाईत ती नव्हे. ते मंगळाला इतके चिकटून आहेत की मंगळाच्याच लखलखाटात बुडून जातात. हॉलनी युक्ती केली ती मंगळाला दृष्टिक्षेत्राच्या बाहेर ढकलून त्याच्या कडेकडेने शोधण्याची.

तेही कंटाळून सोडून देणार होते. पत्नी अँजेलिन यांनी आणखी एक रात्र बसा म्हणून लकडा लावला. या बाई म्हणजे नुसत्या घरून धीर देणाऱ्या नव्हेत, गणिताच्या शिक्षिका होत्या आणि हॉल एके काळी त्यांचे विद्यार्थी होते. ऑगस्टच्या ११-१२ च्या रात्री मंगळाशेजारी एक ठिपका दिसला आणि पोटोमॅक नदीवरून धुकं आलं. पुढचे काही दिवस आभाळ गच्च. अखेर १६ ला ठिपका पुन्हा सापडला, तो डिमोस. तो पक्का करता करता लगेच पुढच्या रात्री आतला फोबोसही मिळाला.

गोंधळ पुढेच आहे. आतला चंद्र एकाच रात्री कधी मंगळाच्या या बाजूला तर कधी त्या बाजूला दिसायला लागला. हॉलना आधी वाटलं की आत दोन-तीन चंद्र असावेत, कारण ग्रहाच्या दिवसापेक्षा कमी वेळात त्याला फेरी मारणारा चंद्र तोवर कोणी पाहिलाच नव्हता. दोन रात्री डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवली तेव्हा कळलं की हा एकच आहे, फक्त धावतोय. तेव्हा बोटराव, तुम्ही चुकलात ते चांगल्या संगतीत चुकलात.

फोबोसवरचं सगळ्यात मोठं विवर सुमारे नऊ किलोमीटरचं आहे. त्याचं नाव स्टिकनी. हे अँजेलिनबाईंचं माहेरचं नाव. हॉल यांच्या नावाचं विवरही फोबोसवर आहे, पण बरंच लहान. न्याय झाला म्हणायचा.

उगाचच

+१. शेवटच्या ओळीसाठी दंडवत.

आणि नावं कोणी ठेवली?

शिळी_कढी

इंग्लंडमधल्या इटनच्या शाळेतले हेन्री मॅडन यांनी सुचवली. इलियडच्या पंधराव्या सर्गात युद्धदेव एरिस चिडून डिमोस आणि फोबोस यांना रथाला घोडे जुंपायला सांगतो, तिथून उचलली. एरिस म्हणजेच रोमन लोकांचा मार्स. पुढे १९३० मध्ये प्लूटोचं नाव सुचवलं ते याच मॅडन यांच्या भावाच्या नातीने, अकरा वर्षांच्या व्हेनेशिया बर्नीने. घरात बारसं करायची खोडच असावी.

आपल्याकडे मंगळाला अंगारक, लोहितांग, भौम अशी झकास नावं आहेत, पण चंद्र नाहीत. दिसलेच नाहीत तर नावं कुठून येणार?

अवांतरवाली

पण दिसायच्या आधीच ते गोष्टीत आले होते ना? गलिव्हरच्या सफरींमध्ये, दीडशे वर्षं आधी! स्विफ्टला कसं कळलं?

शिळी_कढी

१७२६, म्हणजे बरोबर १५१ वर्षं आधी. कळलं नव्हतं, पण त्याच्या अंदाजामागे एक सुरस भानगड आहे.

१६१० मध्ये गॅलिलिओने शनीभोवती काहीतरी विचित्र पाहिलं (ती कडी होती, त्याला ते शनीला चिकटलेले दोन गोळे वाटले). शोधावर हक्क राहावा पण गुपितही फुटू नये म्हणून त्याने लॅटिन वाक्याची अक्षरं उलटसुलट करून ती पाठवून दिली. केप्लरने ती सोडवायला घेतली आणि शनीऐवजी भलतंच वाक्य जुळवलं: मंगळाच्या जुळ्या अपत्यांना नमस्कार असो! केप्लरच्या मनात ते आधीपासूनच होतं. पृथ्वीला एक चंद्र, गुरूला तेव्हा माहीत असलेले चार, मग मधल्या मंगळाला दोन हवेतच. कोडं चुकीचं सुटलं, गणित बिनबुडाचं होतं आणि उत्तर बरोबर आलं.

हीच दोन चंद्रांची अटकळ पुढे हवेत राहिली. स्विफ्टच्या पुस्तकातल्या लापुटा या उडत्या बेटावरचे ज्योतिषी आतला चंद्र मंगळाच्या केंद्रापासून तीन व्यासांवर आणि बाहेरचा पाच व्यासांवर सांगतात, फेऱ्या १० तास आणि साडेएकवीस तास. खरी अंतरं म्हणजे सुमारे १.४ आणि ३.५ व्यास. म्हणजे आकडे चुकलेच.

खडूफळा

मध्येच बोलते. आकडे चुकले, पण गणित चुकलं नाही! केप्लरचा तिसरा नियम लावून बघा (अंतराचा घन आणि फेरीच्या वेळेचा वर्ग एकाच प्रमाणात वाढतात). तीनचा घन २७, पाचचा घन १२५, भागाकार ०.२१६. दहाचा वर्ग १००, साडेएकवीसचा वर्ग ४६२.२५, भागाकार पुन्हा ०.२१६. थट्टेचं पुस्तक लिहिताना या माणसाने बसून वर्ग-घन जुळवले होते. कागदीबोट, तुम्हीही जुळवा.

अवांतरवाली

हे भारी आहे. वाचनखूण साठवली.

दुर्बीणवाला

भर घालतो. डिमोसवर नावं दिलेली ठळक विवरं दोनच, स्विफ्ट आणि व्होल्टेअर. व्होल्टेअरनेही १७५२ च्या एका गोष्टीत मंगळाला दोन चंद्र दिले होते. फोबोसवर तर गलिव्हर, ग्रिल्ड्रिग, फ्लिमनॅप अशी पात्रंच विवरं होऊन बसली आहेत. ज्यांनी न बघता लिहिलं त्यांच्या नावाने नकाशा.

उगाचच

सगळे पुराणात रमलेत. धागाकर्त्याने पोकळ फोबोसबद्दल विचारलं होतं, त्यावर कोणी बोलत नाही. तिथे मनोराही आहे म्हणे. आणि रशियाचं यान जवळ गेलं तेव्हाच बंद पडलं, आधी एका लांबलचक वस्तूचा फोटो पाठवून. मी काही म्हणत नाही, उगाचच विचारतोय.

दुर्बीणवाला

तुम्ही नेहमीच उगाचच विचारता. घ्या.

पोकळपणाची कथा खऱ्या शास्त्रज्ञाची आहे, म्हणून तिला मान देऊन सांगतो. १९४५ मध्ये शार्पलेस यांनी दाखवलं की फोबोस हळूहळू वेग वाढवतोय, म्हणजे खाली खाली येतोय. १९५० च्या दशकाअखेरीस सोव्हिएत खगोलशास्त्रज्ञ शक्लोव्स्की यांनी हिशेब केला: मंगळाच्या विरळ हवेच्या घर्षणाने एवढा परिणाम व्हायचा तर फोबोस पिसासारखा हलका हवा. एवढा हलका तर आतून पोकळ. पोकळ तर कोणीतरी बनवलेला! तर्काची प्रत्येक पायरी धड आहे, पण पहिलीच वीट सैल होती. नंतरच्या मोजमापांत घसरण बरीच कमी निघाली आणि तिला हवा लागतच नाही, भरती-ओहोटीचं बळ पुरतं.

ते असं. फोबोसच्या ओढीने मंगळाला किंचित फुगवटा येतो. फोबोस मंगळाच्या फिरण्यापेक्षा वेगाने पुढे जातो, त्यामुळे फुगवटा त्याच्या मागे राहतो आणि त्याला मागे खेचतो. आपल्याकडे उलट आहे, पृथ्वीचा फुगवटा चंद्राच्या पुढे जातो, म्हणून आपला चंद्र वर्षाला ३.८ सेंटिमीटर दूर चालला आहे. फोबोस वर्षाला १.८ सेंटिमीटर जवळ येतोय. तीन ते पाच कोटी वर्षांत एकतर आदळेल, नाहीतर त्याआधीच ओढाताणीत फुटून मंगळाभोवती कडं होईल.

मनोरा म्हणजे स्टिकनीजवळची साधारण ८५ मीटरची एक शिळा. मार्स ग्लोबल सर्व्हेयर यानाच्या १९९८ च्या छायाचित्रात तिरप्या उन्हात तिची सावली लांब पडली आहे, एवढंच. मोठा धोंडा.

आणि ती लांबलचक वस्तू ही फोबोसची स्वतःची सावली आहे, मंगळावर पडलेली. ते चित्र ओळीमागून ओळ असं टिपलं जात होतं आणि यान फोबोसच्या जोडीने पुढे सरकत होतं, म्हणून सावली ताणली गेली.

उगाचच

पण यान बंद पडलं ते पडलंच ना?

झेप

पडलं. पण रशियाची फोबोसकडे निघालेली तिन्ही यानं पडली आहेत, त्यासाठी परग्रहवासी लागत नाहीत. फोबोस-१ आणि फोबोस-२ जुलै १९८८ मध्ये निघाली. पहिल्याला जमिनीवरून एक चुकीची आज्ञा गेली. त्या आज्ञेत एक अक्षर गळलं होतं! यानाने स्वतःची दिशा सांभाळणं बंद केलं, सौरपंखे सूर्यापासून वळले आणि वाटेतच ते गप्प झालं. दुसरं मंगळाला पोचलं, फोबोसची चांगली छायाचित्रं पाठवली आणि २७ मार्च १९८९ ला संपर्क तुटला. त्याच्या पोटात फोबोसवर उतरणारी दोन छोटी यंत्रं होती, त्यातलं एक बेडकासारखं उड्या मारत फिरणार होतं. कागदीबोट, त्या न उतरलेल्या बेडकावर कोणीतरी गोष्ट लिहायला हवी.

तिसरं फोबोस-ग्रुंट. नोव्हेंबर २०११ मध्ये निघालं ते पृथ्वीच्या कक्षेतच अडकलं आणि जानेवारी २०१२ मध्ये प्रशांत महासागरात पडलं. सोबत चीनचं पहिलं मंगळयानही गेलं, यिंगहुओ.

आपल्या मंगळयानाने १ जुलै २०२० ला ४,२०० किलोमीटरवरून फोबोस टिपला आहे, स्टिकनी त्यात स्पष्ट दिसतं. मंगळयानाची कक्षा लांबुळकी होती, दूरचं टोक सत्तर हजार किलोमीटरच्या पलीकडे. त्यामुळे डिमोसची सहसा न दिसणारी बाहेरची बाजूही त्याला बघायला मिळाली. मंगळाला खेटून फिरणाऱ्या यानांना ती दिसत नाही, कारण हे दोन्ही चंद्र एकच तोंड मंगळाकडे ठेवून फिरतात.

खडूफळा

पोकळ नाही हे खरं, पण भरीवही नाही, हे सांगायला हवं. मार्स एक्स्प्रेस २०१० मध्ये फोबोसपासून ६७ किलोमीटरवरून गेलं. यानाला बसलेला हिसका मोजून वस्तुमान काढलं. घनता पाण्याच्या १.८७ पट आली, नेहमीच्या खडकापेक्षा बरीच कमी. म्हणजे आत पाव ते एक तृतीयांश जागा रिकामी असावी. एक मोठी पोकळी नव्हे, दगडगोट्यांच्या ढिगाऱ्यात असतात तशा अनेक फटी. गोष्टीला हे जास्त उपयोगी पडेल असं मला वाटतं. पोकळ चंद्र कोणीही लिहील.

उडीचं सांगते. फोबोसवरचं गुरुत्व इतकं कमी की ६० किलोच्या माणसाचं वजन काट्यावर ३५ ग्रॅम भरेल. हातातला पाना कमरेच्या उंचीवरून सुटला तर जमिनीवर पोचायला वीस-एक सेकंद. पृथ्वीवर अर्धा मीटर उडी मारणारा तिथे तेवढाच जोर लावून जवळपास पाऊण-एक किलोमीटर वर जाईल आणि परत यायला वीस-एक मिनिटं लागतील. पण निसटणार नाही. त्यासाठी सेकंदाला ११ मीटर, म्हणजे ताशी ४० किलोमीटर वेग हवा. डिमोसवर ताशी २० किलोमीटर पुरे. पळून गाठता येईल असं वाटतं, पण पळायला पाय जमिनीला लागायला हवेत ना. पहिल्या पावलालाच माणूस हवेत (म्हणजे निर्वातात).

अवांतरवाली

म्हणजे वेगवान गोलंदाजाचा चेंडू गेलाच की.

दुर्बीणवाला

फोबोसच्या हातून गेला, मंगळाच्या नाही. चेंडू मंगळाभोवती स्वतःच्या कक्षेत फिरत राहील आणि ती कक्षा फोबोसच्या वाटेला छेदत राहील. कधीतरी तोच चेंडू पाठीत बसू शकतो. भयकथेला चालेल.

शिळी_कढी

अशक्त गुरुत्वावर बेतलेली एक जुनी कथा आहे, आर्थर क्लार्क यांची, १९४९ ची. एक हेर फोबोसवर उतरतो आणि मागे लागलेल्या युद्धनौकेला झुलवत ठेवतो. एवढ्याशा चंद्रावर चालणारा माणूस क्षणात आडोशाला जातो आणि अवजड नौकेला वळायलाच वेळ लागतो. कथेतलं सगळं कौशल्य आकारमानाच्या या एका हिशेबात आहे.

कागदीबोट

धन्यवाद मंडळी, अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं. एक विचारायचं राहिलं. हे चंद्र आले कुठून? पकडलेले लघुग्रह असं शाळेत शिकलो होतो.

झेप

तेच आता डळमळीत झालंय. रंगरूप काळपट लघुग्रहांसारखं आहे, हे त्या मताच्या बाजूने. पण पकडलेला धोंडा लंबुळक्या, तिरक्या कक्षेत असायला हवा. हे दोघे मात्र जवळजवळ गोल कक्षांमध्ये, मंगळाच्या विषुववृत्तावरून फिरतात. म्हणून दुसरं मत असं की मंगळावर काहीतरी मोठं आदळलं आणि उडालेल्या मलब्यातून हे जमले. अमिरातींच्या होप यानाने मार्च २०२३ मध्ये डिमोस शंभर किलोमीटरवरून पाहिला, तेव्हाची मोजमापं मंगळाच्याच खडकाकडे झुकणारी निघाली.

वाद मिटेल तो माती हातात आल्यावर. जपानच्या एमएमएक्स मोहिमेचा बेत फोबोसवर उतरून निदान १० ग्रॅम माती परत आणायचा आहे. सोबत फ्रान्स आणि जर्मनीची इडेफिक्स नावाची छोटी गाडी. २०२४ चं उड्डाण २०२६ वर ढकललं, माती परत यायची ती २०३१ च्या सुमारास. मी बाजी लावायची तर मलब्यावर लावेन.

दुर्बीणवाला

मी लघुग्रहावर. २०३१ ला धागा वर काढू.

कागदीबोट

सुधारलेली सुरुवात टाकतोय. ग्रहणही घेतलं आहे, कारण पर्सिव्हरन्स गाडीने एप्रिल २०२२ मध्ये टिपलेलं फोबोसचं ग्रहण पाहिलं आणि त्या चाळीस सेकंदांनी वेडच लावलं.

"फोबोस पश्चिमेच्या कड्यामागून वर आला, कोणीतरी पाठलागावर असल्यासारखा. दुपारी त्याने सूर्यावरून उडी मारली होती. सूर्य पुरता झाकण्याएवढा तो मोठा नव्हता. मधोमध एक ओबडधोबड काळा डाग सरकत गेला आणि पहारेकऱ्याचे आकडे मोजून होण्याआधी पलीकडे निघून गेला."

अवांतरवाली

हे वाचताना अंगावर काटा आला. आधीचं विसरून गेले.

उगाचच

मनोरा टाकला असता तर अजून मजा आली असती.

वाचनमात्र

सहसा नुसतीच वाचत असते, पण राहवेना. तळ ७५ अंश उत्तरेला आहे ना? तिथून फोबोस दिसतच नाही.

तो मंगळाच्या पृष्ठभागापासून फक्त सहा हजार किलोमीटरवर आणि विषुववृत्ताच्या पातळीत फिरतो. इतका जवळ की साधारण ७० अंशांच्या पलीकडे ग्रहाची गोलाईच आड येते. मग पश्चिमेचा कडाही नाही आणि ग्रहणही नाही. डिमोस दूर आहे, तो ८२ अंशांपर्यंत दिसतो. तुमच्या तळावरून तो दक्षिणेला, क्षितिजापासून जास्तीत जास्त सात-एक अंश वर येईल आणि तिथून चाळीसेक तास दिसत राहील.

तळ खाली आणलात तरी बर्फ सुटणार नाही. फिनिक्स यान २००८ मध्ये ६८ अंशांवर उतरलं, तिथे बोटभर मातीखाली बर्फ होतं. ६० अंशांवर फोबोस नऊ अंशांपर्यंत वर येतो, अडीच-पावणेतीन तास दिसतो.

दुर्बीणवाला

हे माझ्या नजरेतून सुटलं. चार नाही, पाच चुका होत्या.

कागदीबोट

दोन तास डोकं धरून बसलो होतो. तळ हलवत नाही. पहारेकऱ्याला नाव माहीत आहे, फोबोस दिवसातून तीनदा ग्रहाच्या पोटापाशी घिरट्या घालतो हे माहीत आहे, आणि खिडकीतून तो कधीच दिसणार नाही. वरचे दोन्ही परिच्छेद उडवले. आता एवढंच आहे:

"दक्षिणेच्या खिडकीत कालचाच ठिपका अजून मावळला नव्हता. हा डिमोस. दुसरा इथून दिसत नाही, असं पाळी सोपवून जाणाऱ्याने सांगितलं होतं."

वाचनमात्र

बरोबर आहे.

दुर्बीणवाला

चूक सापडत नाहीये. बघतो अजून. पुढील लेखनाला शुभेच्छा.